अकरा लिटर आणि एक अंगठा

झडप या विषयावर व्हॉल्व्हसाहेबांचा शब्द पाणीपुरवठा कार्यालयात शेवटचा मानला जायचा. गावात कुठंही झडप अडकली, गळली, गंजली किंवा कुणी उचलून नेली, की तिचा कागद फिरत फिरत त्यांच्या टेबलावर यायचा आणि साहेब त्यावर वळणदार अक्षरात लिहायचे, ‘प्रथम झडप बंद करावी व मगच दुरुस्ती हाती घ्यावी.’ सव्वीस वर्षं ते हेच वाक्य लिहीत होते. त्या सव्वीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या हातानं एकही झडप उघडली नव्हती ही गोष्ट खरी, पण ती कुणी कधी विचारली नव्हती, आणि न विचारलेलं सांगायची सरकारी खात्यात पद्धत नाही. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं. बाकी सगळीकडे ते व्हॉल्व्हसाहेब. इमारतीत नळाला पाणी आलं नाही की लोक आधी त्यांच्या दाराकडे बघायचे.

आता अशा माणसाच्या मोटारसायकलचा पेट्रोलचा कॉक अडकावा, याला काय म्हणायचं?

ज्यांनी नव्या गाड्याच चालवल्यात त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. जुन्या मोटारसायकलला टाकीच्या खाली, डाव्या गुडघ्याजवळ, बोटाएवढा एक खटका असतो. त्याला तीन घरं: ऑन, ऑफ आणि रिझर्व्ह. त्यातून पेट्रोल खाली इंजिनाकडे उतरतं. बहुतेक लोक तो एकदा ऑन करतात आणि विसरून जातात. साहेब मात्र रोज संध्याकाळी गाडी लावली की खाली वाकून कॉक ऑफ करायचे. बावीस वर्षं, एक दिवस न चुकता. न वाकणाऱ्या लोकांचे कॉक ठणठणीत राहिले आणि साहेबांचा त्या गुरुवारी संध्याकाळी ऑफ झाला तो झालाच. सकाळी आधी बोटानं, मग पकडीनं, मग देवाचं नाव घेऊन फिरवून पाहिला. खटका जागचा हलला नाही.

गुरुवार निवडण्यात कॉकनं विशेष अक्कल दाखवली होती, कारण शनिवारी सकाळी दहाला गाडीची तपासणी होती. गाडी जुनी झाली की वाहन कार्यालयात नेऊन ती अजून रस्त्यावर चालवण्याजोगी आहे असा दाखला आणावा लागतो. त्या दाखल्यासाठी साहेबांनी तीन महिन्यांत सात खेपा घातल्या होत्या. एकदा फोटोत गाडीचा आरसा अर्धाच आला म्हणून परत, एकदा फोटोत साहेब अर्धे आले म्हणून परत. शेवटी ज्या पत्रानं तारीख मिळाली त्याच्या खाली दोन ओळी होत्या. वाहन स्वतःच्या इंजिनावर चालत आलं पाहिजे, ढकलून आणलेलं चालणार नाही. आणि दिलेल्या दिवशी आलं नाही तर नोंदणी रद्द. रद्द म्हणजे गाडी भंगारात.

“मग जाऊ द्या ना भंगारात,” असं कुणी साहेबांना म्हटलं तर ते भलतंच कारण सांगायचे. कारण खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं.

साहेबांची बायको सरकारी इस्पितळात नर्स. इस्पितळातले तिला सिस्टर म्हणायचे, म्हणून इमारतीतलेही सिस्टर म्हणायला लागले, आणि पुढं पुढं साहेबांच्या आईसुद्धा हाक मारायच्या, “सिस्टर, जरा पाणी देतेस का?” रोज सकाळी सहा वीसला साहेब सिस्टरना गाडीवरून ड्यूटीवर सोडायचे. पंचवीस मिनिटांचा रस्ता. घरात दोन खोल्या, दोन मुली आणि आई, ज्यांना समोरचं बोललेलं ऐकू येत नसे पण भिंतीपलीकडचं सगळं यायचं. त्यामुळं नवराबायकोला बोलायला जागा अशी ती एकच, मोटारसायकलची सीट. मोठीनं कुठल्या कॉलेजात जायचं, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन कधी करायचं, बदली घ्यायची की नाकारायची, असे त्यांच्या संसारातले सगळे मोठे निर्णय दुसऱ्या गिअरात झाले होते. भांडणंही तिथंच. सिस्टर मागून साहेबांच्या डाव्या कानात बोलायच्या आणि साहेब समोर बघून उत्तर द्यायचे. ती पंचवीस मिनिटं गेली की उरलेला दिवस दोघं एकमेकांना फक्त दिसायचे.

आता हे कुणाला सांगणार? म्हणून साहेब चारचौघांत म्हणायचे, “हिला दोन बस बदलून जावं लागेल हो. हाल होतील.” हे त्यांना सिस्टरनीच सांगितलं होतं. शुक्रवारी सकाळी कॉक हलेना, तेव्हाही सिस्टर पिशवी खांद्याला लावत म्हणाल्या, “असू द्या. जाते मी दोन बस बदलून.” त्यांनी हे अशा काही समजूतदार आवाजात म्हटलं की साहेबांना तो सगळा प्रवास डोळ्यांपुढं दिसला. एक बस, मग तो चौकातला थांबा, मग दुसरी बस, मग दिवसभर पायांवर उभं राहायचं. साहेबांनी त्याच क्षणी ठरवलं की आज अर्धी रजा टाकायची.

दुपारी घरी येऊन आधी ते गाडी ढकलत वस्तादाकडे गेले. वस्ताद म्हणजे कोपऱ्यावरचा मेकॅनिक. त्यानं खाली वाकून बघितलं, हात पुसले आणि बापाच्या वयाच्या माणसाला सांगावं तसं हळू आवाजात सांगितलं, “साहेब, आतली रबराची चकती सुकलीय. ही चकती आता कंपनी बनवत नाही. अख्खा कॉक मागवावा लागेल, बुधवारी येईल.”

“शनिवारी तपासणी आहे.”

“मग शनिवारी दुसरी गाडी बघायला जाऊ आपण,” वस्ताद म्हणाला. तो मनानं चांगला माणूस होता, फक्त जुन्या गाड्यांबद्दल डॉक्टरसारखा बोलायचा. “तसं चार थेंब तेल सोडून, खोलून, साफ करून बघता येईल, पण मी आता निघालोय. सासऱ्यांना बघायला जायचंय. तुम्ही हात घालू नका बरं का.”

हे शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर पुढचं काही झालं नसतं. सव्वीस वर्षं झडपांवर शेरे मारणाऱ्या माणसाला बोटभर झडपेला हात घालू नका म्हणायचं म्हणजे काय? साहेब गाडी ढकलत परत आले, इमारतीखाली पार्किंगमध्ये सावली बघून लावली, शिलाई मशीनच्या खणातला स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि स्टुलावर बसले.

आता त्यांची चूक कुठं झाली ते नीट समजून घ्या, कारण ती चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. साध्या माणसानं आधी टाकी रिकामी केली असती. पण साहेबांच्या मनात त्यांचं स्वतःचं वाक्य कोरलेलं होतं: प्रथम झडप बंद करावी व मगच दुरुस्ती हाती घ्यावी. त्यांनी बघितलं, झडप बंद आहे. कालपासून बंद आहे, इतकी बंद की उघडतच नाही. म्हणजे नियमाप्रमाणे सगळं सुरक्षित. जी झडप बंद आहे तीच आपण खोलतोय, हा बारकावा त्या वाक्यात कधी लिहिलेला नव्हता.

पहिला स्क्रू निघाला. दुसरा निघाला. खटका, त्यावरची पत्र्याची चकती आणि रबराचे चार तुकडे साहेबांच्या मांडीवर पडले, आणि त्यांच्या पाठोपाठ पेट्रोल आलं. तपासणीत कमी पडू नये म्हणून बुधवारीच टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती. अकरा लिटर. साहेबांनी विचार केला नाही, उजव्या हाताचा अंगठा भोकावर दाबला. पेट्रोल थांबलं.

दोन मिनिटं त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटलं. मग लक्षात आलं की आता अंगठा काढता येणार नाही.

पार्किंगमध्ये चिटपाखरू नव्हतं. साहेब स्टुलावर अर्धे वाकून, गाल टाकीला टेकवून, दूरवर कुठंतरी बघत असल्यासारखे बसून राहिले. त्यांना हाक मारायची लाज वाटत होती. काय हाक मारणार? वाचवा म्हणावं तर कुणी मरत नव्हतं. पंधरा मिनिटं त्यांनी अशीच अब्रू सांभाळली. मग तळमजल्याची खिडकी उघडली आणि काकूंचं नाक बाहेर आलं.

काकू म्हणजे तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या, गुडघ्यांनी हैराण झालेल्या आणि नाकानं तल्लख. “साहेब, पेट्रोलचा वास येतोय.”

“हो. येणारच. थोडं काम चाललंय.”

“हात का असा धरलाय?”

साहेबांना खरं सांगावं लागलं. काकूंनी ऐकून घेतलं, आत गेल्या, गॅस बंद केला, आणि गुडघे धरत जिन्यात येऊन सोळा बिऱ्हाडांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “सगळ्यांनी आपापले गॅस बंद करा. साहेबांच्या अंगठ्याखाली पेट्रोल आहे.”

चारची वेळ. सोळा घरांत चहाचं आधण चढलेलं. ते सगळं उतरलं, आणि चहा नाही म्हटल्यावर माणसं घरात बसून काय करणार? ती खाली आली. पाच मिनिटांत साहेबांभोवती रिंगण झालं. एकानं सांगितलं गाडी आडवी पाडा. दुसऱ्यानं सांगितलं आडवी पाडली तर झाकणातून जाईल. तिसऱ्यानं विचारलं की मुळात खोललं कशाला, आणि हा प्रश्न प्रत्येक नव्यानं आलेल्या माणसानं पुन्हा विचारला. “तुम्ही पाणीपुरवठ्यात ना?” असंही एकानं अगदी निरागसपणे विचारलं. साहेबांनी टाकीकडे तोंड फिरवलं.

भांडी आणायचं ठरलं. पहिल्या मजल्यावरून प्लास्टिकच्या तीन बादल्या आल्या. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे ड्रॉइंगचे मास्तर उतरले आणि त्यांनी प्लास्टिकमध्ये पेट्रोल धरायला ठाम विरोध केला. स्टील पाहिजे. मग स्टीलची चर्चा. ज्यांच्याकडे मोठी पातेली होती त्यांना पातेल्याला वास लागेल याची काळजी, आणि ज्यांना काळजी नव्हती त्यांच्याकडे वाट्या. एक बाई आतून पातेलं घेऊन आल्या, त्याकडे क्षणभर प्रेमानं बघितलं, आणि परत घेऊन गेल्या. आणि पातेली मिळाली तरी पुढं काय? अंगठा काढला की धार पातेल्यात पडणार की साहेबांच्या बाहीतून काखेत जाणार, यावर दोन तट पडले.

या सगळ्यात सेक्रेटरी आले. इमारतीचे सेक्रेटरी निवृत्त पोस्टमास्तर, आणि त्यांच्या काखेत नियमांचं रजिस्टर. त्यांनी आधी सगळ्यांना दोन पावलं मागं सरकवलं, हे चांगलं केलं. मग चष्मा लावून म्हणाले, “नियम चौदा. पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती करायची तर आधी लेखी अर्ज.”

“मी नंतर देतो.”

“आधी म्हटलंय, साहेब. तुम्ही स्वतः नियमात काम केलेले. मी अर्ज लिहून आणलाय, तुम्ही फक्त सही करा.”

“उजवा हात अडकलाय हो.”

सेक्रेटरींनी विचार केला. “मग अंगठा दिला तरी चालेल,” ते म्हणाले, आणि मग त्यांच्याच ध्यानात आलं की अंगठाही तोच. साहेबांना त्या क्षणी इतकं केविलवाणं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ते पेट्रोलच्या वासानं आलं असं त्यांनी पुढं सांगितलं, आणि आपणही तसंच धरून चालू.

सव्वाचारला सिस्टर आल्या.

फाटकातून आत येताना त्यांना आधी गर्दी दिसली. इस्पितळातल्या माणसापुढं गर्दीची एक सवय असते, ती मधोमध फाटत जाते. सिस्टर साहेबांपाशी पोचल्या, खाली वाकल्या, अंगठा बघितला, भोक बघितलं, मांडीवरचे रबराचे तुकडे बघितले. “कधीपासून?”

“पाऊण तास झाला असेल.”

“बधिर झालाय?”

“थोडा.”

“हलवायचा नाही,” सिस्टर म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर साहेबांना बरं वाटलं असतं. त्यांनी पिशवी काकूंकडे दिली आणि गर्दीकडे वळून एकेकाला काम सांगायला सुरुवात केली. तुम्ही नळी आणा, कुंड्यांना पाणी घालता ती. तुम्ही पातेली, झाकणासकट. मुलांना वर न्या. सिगारेटवाले फाटकाबाहेर. सेक्रेटरी, तुम्ही फाटकाशी उभे राहा आणि कुणाला गाडी चालू करू देऊ नका, नियमात असो वा नसो. मघापर्यंत जी माणसं सल्ले देत होती ती मुकाट्यानं जिने चढायला लागली. ते प्रेमाचं पातेलंही परत खाली आलं.

सिस्टरनी घरातून आईंना औषध पाजायची मोठी पिचकारी आणली. टाकीचं वरचं झाकण उघडून नळी आत सोडली, दुसऱ्या टोकाला पिचकारी लावून दट्ट्या ओढला आणि नळीत पेट्रोल आल्याबरोबर टोक खालच्या पातेल्यात धरलं. टाकी आपली आपण रिकामी व्हायला लागली. इतकं सोपं होतं. साहेबांनी अंगठा तसाच धरून ठेवला, कारण सिस्टरनी अजून काढायला सांगितलं नव्हतं. नऊ पातेली भरली. मास्तरांनी प्रत्येकावर कागद चिकटवून ठळक, देखण्या अक्षरात लिहिलं, ‘पेट्रोल. स्वयंपाकासाठी नाही.’

शेवटी सिस्टर म्हणाल्या, “हं, काढा आता.” अंगठा पांढराफटक पडला होता आणि त्यावर गोल शिक्का उमटला होता. सिस्टरनी तो दोन्ही हातांत धरून चोळला. सोळा बिऱ्हाडांसमोर. साहेबांना कुठं बघावं कळेना, म्हणून ते पातेल्यांकडे बघत राहिले.

आता प्रश्न चकतीचा. रबराचे तुकडे हातात घेतले तर त्यांचा भुगा झाला. वस्ताद म्हणाला होता तेच, मिळत नाही म्हणजे नाही. मग काकू आत गेल्या आणि आपली गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन आल्या. रोज रात्री गुडघ्याखाली घेतात ती. “ही कापा,” म्हणाल्या. “रबरच आहे ना?”

“अहो काकू, तुमचे गुडघे?”

“गुडघे काय शनिवारी तपासायला न्यायचे नाहीत.”

मास्तरांनी कंपासपेटी आणली. पस्तीस वर्षं मुलांना वर्तुळं काढायला शिकवलेला माणूस, पण आपण काढलेल्या वर्तुळावर काही अवलंबून आहे असा प्रसंग त्यांच्यावर पहिल्यांदाच आला होता. त्यांनी पत्र्याची चकती मोजली, रबरावर मध्यबिंदू घेतला, वर्तुळ काढलं, चार भोकांच्या जागा नेमल्या, आणि ब्लेडनं चकती अशी कापली की बघत राहावं. साहेबांनी ती कॉकमध्ये बसवली, त्यावर खटका, त्यावर पत्रा, दोन स्क्रू. पातेल्यांतलं पेट्रोल गाळून परत टाकीत गेलं. एक थेंब गळला नाही.

साहेबांनी खटका ऑनला फिरवला. फिरला, लोण्यासारखा फिरला. किक मारली. काही नाही. दहा मारल्या. काही नाही. रिझर्व्हवर टाकून दहा मारल्या. शर्ट पाठीला चिकटला, लोकांनी हळूहळू जमिनीकडे बघायला सुरुवात केली. साहेब थकून सीटवर बसले आणि, काय म्हणायचं या सवयीला, गाडी सोडून उठायच्या आधी खाली वाकून कॉक ऑफ केला. मग उठताना उगीच, रागानं, एक शेवटची किक मारली. गाडी चालू झाली.

चालू राहिली. सिस्टरनी वाकून बघितलं. “भोकं एक घर सरकलीत,” त्या म्हणाल्या. “ऑफ म्हणजे चालू. ऑन म्हणजे बंद.” मास्तरांचा चेहरा पडला, कारण चकतीच्या भोकांची बाजू त्यांनी नेमली होती. परत खोलायचं का, असं कुणीतरी विचारलं, आणि सोळाही बिऱ्हाडांनी एका आवाजात नको म्हटलं. घरोघरी गॅस पेटले तेव्हा सहा वाजून गेले होते.

शनिवारी सिस्टरना सुट्टी होती. दोघं गाडीवरून, ऑफवर, वाहन कार्यालयात गेले. तिथं एक तपासनीस होता, दिवसभर उन्हात उभं राहून बोलणंच विसरलेला. त्यानं दिवे बघितले, ब्रेक बघितला, हातातल्या कागदावर खुणा करत सतराव्या रकान्यापाशी आला. इंधनझडप. इंजिन चालू होतं आणि खटका ऑफवर. त्यानं खटक्याकडे बघितलं, इंजिनाकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं. मग खटका ऑनवर नेला. थोड्या वेळानं गाडी फुटफुटून बंद पडली.

सव्वीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांचे कागद अशाच कारणांनी परत पाठवले होते, त्यांना पुढं काय होणार ते पाठ होतं. त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. चकती, पिशवी, मास्तर, सगळं सांगून टाकलं. तपासनीसानं शेवटपर्यंत ऐकलं. मग कागद वर धरून सावकाश वाचलं, “रकाना सतरा. इंधनझडप उघडते व बंद होते, होय किंवा नाही. कुठल्या बाजूला, ते विचारलेलं नाही.” आणि त्यानं ‘होय’ वर खूण केली. साहेबांना वाटलं या माणसाच्या पाया पडावं. आपण इतक्या वर्षांत असा एक कागद तरी वाचला का, असंही वाटलं, आणि ते वाटणं चांगलं नव्हतं.

दाखला पाच वर्षांचा मिळाला. घरी येताना साहेबांनी काकूंसाठी नवी रबरी पिशवी घेतली, आणि संध्याकाळी इमारतीच्या फलकावर वळणदार अक्षरात एक कागद लागला: ‘शुक्रवारच्या प्रसंगी ज्या रहिवाशांनी पातेली, नळी, रबर, कंपास व चहा यांचा त्याग केला, त्या सर्वांचा अधोस्वाक्षरीकर्ता मनापासून ऋणी आहे.’ मनापासून हा शब्द त्यांनी नोकरीत कधी लिहिला नव्हता. तो लिहायला त्यांना तीन कागद लागले. सेक्रेटरींनी त्यावर आवक क्रमांक टाकला आणि नियम चौदाचा अर्ज सही करून घेतला.

सोमवारी सकाळी सहा वीसला दोघं नेहमीसारखे निघाले. कोपऱ्यापर्यंत गेले आणि गाडी बंद पडली. अर्थात. साहेबांनी सवयीनं खटका ऑनला नेला होता. ते उतरले, वाकले, आणि नक्की कुठल्या बाजूला फिरवायचं हे आठवत राहिले. तेवढ्यात मागून एक निळी बस आली आणि त्यांच्या शेजारी येऊन थांबली. दारावर इस्पितळाचं नाव होतं. आत खिडक्यांशी नर्सा बसलेल्या, काही डुलक्या घेत, एक वेणी घालत.

ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. “सिस्टर, गाडी नाही ना चालत? मग या, शुक्रवारी आलात तशाच. अकरा वर्षं झाली ही बस सुरू होऊन, अकरा वर्षं तुमच्या नावची खिडकी रिकामी घेऊन चाललोय मी.”

“तुम्ही व्हा पुढं,” सिस्टर म्हणाल्या. “आमची होईल चालू.”

बस गेली. साहेबांचा हात खटक्यावर होता तो तिथंच राहिला.

“ही बस इथूनच जाते?”

“रोज.”

“थेट इस्पितळात?”

“आत, पोर्चपर्यंत.”

साहेबांनी मनातल्या मनात अकरा वर्षांच्या सकाळी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. थंडीतल्या, धुक्यातल्या, भांडणानंतरच्या, खड्ड्यांतून हाडं खिळखिळी होणाऱ्या. त्या प्रत्येक सकाळी ही बाई मऊ गादीची खिडकी सोडून त्यांच्या मागं बसली होती. “आणि ते दोन बस बदलून जाणं?”

सिस्टरनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच त्या थोड्या गडबडल्यासारख्या दिसल्या.

साहेबांना खूप काही म्हणायचं होतं. त्यासाठी लागणारे शब्द त्यांच्या खात्यात नव्हते. ते खाली बघत म्हणाले, “बरं झालं तू मला सांगितलं नाहीस.”

“का?”

“तुझे हाल नकोत म्हणून मीच तुला उचलून त्या बसमध्ये बसवलं असतं.”

“ते माहीत होतं,” सिस्टर म्हणाल्या, “म्हणूनच नाही सांगितलं. आता ऑफ करा आणि चला. मला धाकटीबद्दल तुमच्याशी बोलायचंय.”